कारक प्रतिमा

कारक प्रतिमा म्हणजे शरीराची एखादी हालचाल प्रत्यक्ष न करता ती मनातल्या मनात करून पाहणे. हात जागचा न हलवता 'मी चेंडू फेकतो आहे' असा अनुभव मनात उभा करणे, खुर्चीवर बसून जिना चढण्याची कल्पना करणे, पेटी समोर नसताना तिच्या पट्ट्यांवरून बोटे फिरवल्याचे मनात जाणवणे ही तिची साधी उदाहरणे होत. अशी कल्पना पुनःपुन्हा व हेतुपुरस्सर केली, तर तिला मानसिक सराव किंवा मानसिक उजळणी म्हणतात. येथे 'कारक' हा शब्द 'कारक कौशल्ये' या संज्ञेप्रमाणे 'हालचाल घडवून आणणारे' या अर्थाने आला आहे. व्याकरणात विभक्तीच्या संदर्भात येणाऱ्या 'कारक' या संज्ञेशी त्याचा संबंध नाही.

हालचालीची कल्पना करताना मेंदूतील जे भाग कामाला लागतात, त्यांपैकी बरेचसे भाग ती हालचाल प्रत्यक्ष करतानाही कामाला लागतात. या एका गोष्टीमुळे हा विषय मानसशास्त्रापुरता न राहता शरीरक्रियाविज्ञान, क्रीडा, संगीतशिक्षण, पक्षाघातानंतरचे पुनर्वसन आणि मेंदू व संगणक यांना जोडणारे तंत्रज्ञान अशा अनेक क्षेत्रांत पोहोचला आहे.

स्वरूप व प्रकार

एखादी हालचाल मनात दोन प्रकारे आणता येते. पहिल्या प्रकारात ती 'दिसते', दुसऱ्या प्रकारात ती 'जाणवते'. पोहण्याची कल्पना करताना पाण्यातील स्वतःची आकृती काठावरून पाहिल्यासारखी दिसली, तर ती दृश्य प्रतिमा होय. त्याऐवजी खांद्याचा ताण, पाण्याचा तळहातावरील दाब, श्वास घेण्यासाठी वळवलेली मान हे आतून जाणवू लागले, तर तिला स्नायुसंवेदी प्रतिमा म्हणतात. दृश्य प्रतिमेतही पुन्हा भेद आहे. दृश्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे तसे असू शकते किंवा त्रयस्थाने पाहावे तसेही असू शकते.

हा भेद केवळ वर्गीकरणापुरता नाही. मेंदूतील हालचालीच्या यंत्रणेला जागे करण्यात स्नायुसंवेदी प्रतिमा अधिक परिणामकारक ठरते. त्रयस्थ दृश्य प्रतिमेत दृष्टीशी संबंधित भागांचा वाटा मोठा असतो. मराठीत आपण 'डोळ्यांसमोर आणणे' असे सहज म्हणतो. मात्र कारक प्रतिमेसाठी गोष्ट डोळ्यांसमोर आणून भागत नाही, ती अंगात आणावी लागते.

ही क्षमता सर्वांमध्ये सारखी नसते. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये लोकांना सकाळची न्याहारी मनात आणून तिचे वर्णन करण्यास सांगितले होते. कोणाला ते दृश्य प्रत्यक्षासारखे स्पष्ट दिसले, तर कोणाला काहीच दिसले नाही. मनात चित्रच न उमटण्याच्या या स्थितीला ॲडम झेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये 'अफँटेझिया' असे नाव दिले. हालचालीच्या कल्पनेची क्षमता मोजण्यासाठी वेगवेगळ्या प्रश्नावल्या प्रचलित आहेत. त्यांत व्यक्ती एखादी हालचाल प्रथम प्रत्यक्ष करते, मग मनात करते आणि कल्पना किती स्पष्ट होती याला स्वतःच गुण देते. स्वतःच स्वतःला गुण देण्याच्या पद्धतीत जे दोष असतात, ते येथेही आहेत. म्हणून संशोधक तिच्या जोडीला वेळेचे मोजमाप वापरतात.

इतिहास

कल्पनेचा स्नायूंवर परिणाम होतो, ही शंका जुनी आहे. दोरीला टांगलेला लंबक हातात स्थिर धरला आणि तो हलेल अशी अपेक्षा मनात ठेवली, तर तो खरोखर हलू लागतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांनी १८३३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आंपेअर यांना लिहिलेल्या पत्रात या घटनेचा उलगडा केला. लंबक हलवणारी शक्ती बाहेरची नसून धरणाऱ्याच्याच हाताच्या, त्याला न जाणवणाऱ्या, सूक्ष्म हालचाली असतात, हे त्यांनी दाखवून दिले. इंग्लंडमधील विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये अशा हालचालींना 'आयडिओमोटर', म्हणजे कल्पनाप्रेरित, क्रिया असे नाव दिले. त्या काळी युरोपात मृतात्म्यांना बोलावण्याच्या बैठकांचे खूळ होते आणि हात ठेवलेली मेजे त्यांत आपोआप फिरत. मायकेल फॅरडे यांनी १८५३ मध्ये साधी उपकरणे वापरून सिद्ध केले की मेज फिरवणारे हात बैठकीला बसलेल्यांचेच असतात, फक्त त्यांना ते ठाऊक नसते. महाराष्ट्रातील घराघरांत ज्याचे किस्से ऐकायला मिळतात, त्या प्लँचेटवरील वाटीच्या प्रवासाचेही स्पष्टीकरण हेच आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मधील आपल्या ग्रंथात या विचाराला सैद्धांतिक रूप दिले. हालचालीची कल्पना हीच तिची सुरुवात असते. विरोधी विचार आडवा आला नाही, तर कल्पनेमागोमाग हालचाल येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९३० च्या सुमारास एडमंड जेकबसन यांनी शिथिल अवस्थेतील व्यक्तींना हात वाकवण्याची कल्पना करण्यास सांगितले आणि त्याच हाताच्या स्नायूंतील अत्यंत क्षीण विद्युत् लहरी नोंदवल्या. हात बाहेरून पाहता स्थिर होता. या निष्कर्षावरून अनेकांनी असा तर्क केला की मानसिक सरावाचा लाभ मुळात या स्नायूंतील सूक्ष्म हालचालींमुळे होतो. हे स्पष्टीकरण पुढे मागे पडले. कित्येक प्रयोगांत स्नायूंमध्ये कोणतीही लहर न आढळताही मानसिक सरावाचा परिणाम दिसला. कारण शोधायचे ते मेंदूत, हे स्पष्ट झाले.

मेंदूतील रक्तप्रवाह मोजण्याची साधने हाती येईपर्यंत ते शक्य नव्हते. १९७७ मध्ये डेव्हिड इंग्वार व एल. फिलिपसन यांनी हाताची मूठ वळण्याची केवळ कल्पना केल्यावर मेंदूच्या पुढच्या भागातील रक्तप्रवाह वाढतो, असे नोंदवले. १९८० मध्ये पेर रोलंड व सहकाऱ्यांनी एक नेमका प्रयोग केला. बोटांच्या एका गुंतागुंतीच्या क्रमाचा सराव प्रत्यक्ष करताना हालचालीच्या मुख्य भागाबरोबरच पूरक कारक क्षेत्रही सक्रिय झाले. पण तोच क्रम केवळ मनात घोळवताना फक्त पूरक कारक क्षेत्रातील रक्तप्रवाह वाढला. हालचालीची योजना आणि अंमलबजावणी या मेंदूतील दोन वेगळ्या पायऱ्या असाव्यात, याचा हा ठळक पुरावा होता. फ्रान्समधील लिआँ येथील मार्क जानरो यांनी १९९४ मध्ये या साऱ्या निरीक्षणांना एका सिद्धांतात गुंफले. त्यांच्या मते कृती करण्याचा विचार, कृतीची कल्पना आणि प्रत्यक्ष कृती ही एकाच अखंड प्रक्रियेची रूपे आहेत. कल्पना म्हणजे अंमलबजावणीच्या दारात थांबवलेली कृती.

कल्पनेला लागणारा वेळ

दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे ते पाहता येत नाही; मग कोणी खरोखर चालण्याची कल्पना करतो आहे की नुसता डोळे मिटून बसला आहे, हे कसे ओळखावे? या प्रश्नाचे उत्तर घड्याळाने दिले.

झां देसेती, जानरो व प्राब्लांक यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५, १० आणि १५ मीटर अंतरावर खुणा ठेवल्या होत्या. सहभागींनी खूण एकदा पाहून घ्यायची, मग डोळे बांधून तेथपर्यंत चालत जायचे किंवा जागेवरच उभे राहून चालत गेल्याची कल्पना करायची. दोन्हींचा वेळ मोजला गेला. अंतर वाढले तसा कल्पनेतील चालण्याचा वेळही वाढला आणि तो प्रत्यक्ष चालण्याच्या वेळेशी जवळजवळ जुळला. मन क्षणात कोठेही जाऊन पोहोचते, असे आपण म्हणतो. पण पायांनी जायचे ठरवले, तर मनालाही पायांचीच चाल पत्करावी लागते.

याच प्रयोगमालेचा दुसरा भाग अधिक मार्मिक आहे. सहभागींच्या पाठीवर २५ किलो वजन दिले, तेव्हा प्रत्यक्ष चालण्याचा वेळ फारसा बदलला नाही, कारण त्यांनी अधिक जोर लावून वेग राखला. कल्पनेतील चालण्याचा वेळ मात्र लक्षणीय वाढला. वाढलेल्या श्रमाची जाणीव मनाने वाढलेल्या वेळेच्या रूपात वाचली, असा त्याचा अर्थ लावला जातो. लिहिण्याच्या बाबतीतही हेच आढळते. उजव्या हाताने लिहिणाऱ्या व्यक्तीला डाव्या हाताने लिहिण्यास जास्त वेळ लागतो, तसाच डाव्या हाताने लिहिण्याची कल्पना करण्यासही जास्त वेळ लागतो. अचूकता हवी असेल तर वेग कमी करावा लागतो, हा पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम कल्पित हालचालींनाही लागू पडतो.

शरीराच्या मर्यादाही कल्पनेत उतरतात. हाताचे चित्र वेगवेगळ्या कोनांत फिरवून दाखवले आणि तो डावा की उजवा असे विचारले, तर माणूस नकळत स्वतःचा हात मनात त्या स्थितीत नेऊन पाहतो. ज्या स्थितीत हात वळवणे सांध्यांमुळे अवघड असते, त्या चित्राचे उत्तर द्यायला अधिक वेळ लागतो. कंपवाताच्या (पार्किन्सन विकाराच्या) ज्या रुग्णांत शरीराची एकच बाजू मंदावलेली असते, त्यांच्या कल्पनेतही त्याच बाजूचा हात मंद चालतो.

मेंदूतील घडामोडी

प्रत्यक्ष हालचाल घडते तेव्हा मेंदूतील अनेक भाग मिळून काम करतात. ललाट खंडातील पूर्वकारक क्षेत्र व पूरक कारक क्षेत्र हालचालीची आखणी करतात. मागच्या बाजूचा पार्श्व खंड शरीराचा कोणता अवयव या क्षणी कोठे आहे याचा हिशेब ठेवतो. मेंदूच्या गाभ्यातील तलस्थ गंडिका आणि मागे खाली असलेला लहान मेंदू क्रम, वेळ व नेमकेपणा सांभाळतात. शेवटी प्राथमिक कारक क्षेत्रातून निघालेली आज्ञा मज्जारज्जूमार्गे स्नायूंपर्यंत पोहोचते. हालचालीच्या कल्पनेत यांतील शेवटची पायरी सोडली, तर जवळपास सर्व मंडळी हजर असतात. सेबास्तियन एतू व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ७५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात पूर्वकारक, पूरक कारक व पार्श्व खंडातील क्षेत्रे, तलस्थ गंडिका आणि लहान मेंदू यांचा सहभाग सातत्याने आढळला, प्राथमिक कारक क्षेत्राचा मात्र आढळला नाही.

प्राथमिक कारक क्षेत्राबाबत मतभेद आहेत. काही प्रयोगांत ते कल्पनेच्या वेळी किंचित सक्रिय होते, काहींत होत नाही. कवटीबाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूला उद्दीपित करण्याच्या तंत्राने मिळालेली माहिती येथे उपयोगी पडते. कारक क्षेत्रावर असा स्पंद दिला की संबंधित स्नायू क्षणभर आकुंचन पावतो. व्यक्ती त्याच स्नायूच्या हालचालीची कल्पना करत असेल, तर तेवढ्याच स्पंदाने स्नायू अधिक जोरात आकुंचन पावतो. शेजारच्या, कल्पनेत नसलेल्या स्नायूत ही वाढ दिसत नाही. म्हणजे कल्पनेमुळे मार्गाची तयारी होते, पण आज्ञा सुटण्यासाठी लागणारा उंबरठा ओलांडला जात नाही.

मेंदूच्या विद्युत् आलेखातही (ईईजी) खूण दिसते. हालचालीशी संबंधित भागावर विश्रांतीच्या वेळी सेकंदाला सुमारे ८ ते १३ आवर्तनांची एक लय असते. हाताची हालचाल करताना विरुद्ध बाजूच्या मेंदूवरील ही लय क्षीण होते. हात हलवण्याची नुसती कल्पना केली तरी तसेच होते.

पार्श्व खंडाचे महत्त्व त्याला इजा झालेल्या रुग्णांमुळे कळले. १९९६ मध्ये आंजेला सिरिग्यू व सहकाऱ्यांनी दाखवले की अशा रुग्णांना हात हलवता येत असला, तरी तीच हालचाल मनात करताना तिच्या वेळेचा अंदाज पार चुकतो. याउलट प्राथमिक कारक क्षेत्राला इजा झालेल्या रुग्णाचा हात मंदावतो आणि त्याची कल्पनाही तितक्याच प्रमाणात मंदावते. दोन्हींचा मेळ कायम राहतो.

कल्पना करताना शरीर हलत का नाही?

यंत्रणा जर इतकी सामाईक असेल, तर धावण्याची कल्पना करणारा माणूस खुर्चीतून उठून धावू का लागत नाही? याचे पूर्ण उत्तर अद्याप हाती आलेले नाही. सर्वसाधारणपणे असे मानले जाते की कल्पनेबरोबरच मेंदू एक रोधक संदेशही तयार करतो आणि तो हालचालीची आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचू देत नाही. हा रोध मेंदूच्या बाह्यकात लागतो की मज्जारज्जूत, की दोन्ही ठिकाणी थोडाथोडा, यावर चर्चा चालू आहे. रोध पूर्ण नसतो, याचा पुरावा जेकबसन यांच्या क्षीण लहरींत आणि शेव्हरल यांच्या लंबकात आहेच.

या संदर्भात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली एका रुग्णाची नोंद वारंवार उद्धृत केली जाते. दोन्ही बाजूंच्या पार्श्व खंडांना इजा झालेल्या या माणसाला हाताच्या हालचालीची फक्त कल्पना करण्यास सांगितले, की त्याचा हात खरोखर ती हालचाल करी आणि आपण हात हलवला याची त्याला जाणीवही नसे. निरोगी माणसात कल्पना आणि कृती यांच्यामध्ये जे दार बंद राहते, ते या रुग्णात उघडे राहिले होते.

शरीरावरील परिणाम

हृदय आणि श्वसन यांचे काम बहुतांशी माणसाच्या इच्छेविना चालते. म्हणून कल्पनेचा त्यांच्यावर होणारा परिणाम विशेष बोलका आहे. देसेती व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये सहभागींना ट्रेडमिलवर ताशी ५, ८ व १२ किलोमीटर वेगाने चालण्याची किंवा धावण्याची कल्पना करण्यास सांगितले. कल्पित वेग वाढला तशी हृदयाची आणि श्वासाची गती वाढत गेली. ताशी १२ किलोमीटरने मनात धावणाऱ्याची स्थिती ताशी ५ किलोमीटरने प्रत्यक्ष चालणाऱ्याच्या स्थितीशी तुलना करण्याजोगी होती. १९९३ मधील पुढच्या प्रयोगात पायांच्या व्यायामाची कल्पना करताना पायांच्या स्नायूंतील चयापचयही मोजला, तेव्हा त्यात बदल आढळला नाही. स्नायूंनी जास्तीचा प्राणवायू मागितलेला नसताना हृदयाची गती वाढली होती. मेंदू श्रमाची तयारी आगाऊ करतो आणि स्नायूंच्या मागणीची वाट पाहत नाही, असा याचा अर्थ आहे.

स्नायूंचे बळ हा या विषयातील सर्वांत गाजलेला भाग. ग्वांग यू व केली कोल यांनी १९९२ मध्ये करंगळी बाजूला ताणणाऱ्या स्नायूवर चार आठवडे प्रयोग केला. प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांचे बळ सरासरी ३० टक्क्यांनी वाढले, केवळ जोर लावल्याची कल्पना करणाऱ्यांचे २२ टक्क्यांनी, तर काहीच न करणाऱ्यांचे ३.७ टक्क्यांनी. २००४ मध्ये विनोद रंगनाथन, यू व सहकाऱ्यांनी १२ आठवड्यांच्या प्रयोगात करंगळीचे बळ मानसिक सरावाने ३५ टक्क्यांनी वाढल्याचे नोंदवले. प्रत्यक्ष व्यायामाने ते ५३ टक्क्यांनी वाढले होते. कोपर वाकवणाऱ्या स्नायूंमध्ये मात्र मानसिक सरावाची वाढ १३.५ टक्केच होती.

हे आकडे वाचून व्यायामशाळा सोडून देण्याचा मोह होऊ नये. मानसिक सरावाने स्नायू जाड होत नाही. वाढते ती मेंदूची त्या स्नायूला पूर्ण क्षमतेने कामाला लावण्याची हातोटी. सामान्य माणूस आपल्या स्नायूंचे सर्व तंतू एका वेळी वापरू शकत नाही. सरावाने, मग तो मनातला का असेना, ती आज्ञा अधिक जोरकस होते. करंगळीचा तो स्नायू रोजच्या व्यवहारात क्वचितच एकट्याने वापरला जातो, त्यामुळे तेथे सुधारणेला वाव मोठा. कोपराचे स्नायू रोज राबतात, तेथे वाव कमी.

बळ वाढवण्यापेक्षा ते टिकवण्यात कल्पनेचा उपयोग अधिक असू शकतो. ब्रायन क्लार्क व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये निरोगी व्यक्तींचे मनगट व हात चार आठवडे प्लास्टरसारख्या बंधनात ठेवले. त्यांतील ज्यांनी काहीच केले नाही त्यांचे मनगटाचे बळ सुमारे ४५ टक्क्यांनी घटले. ज्यांनी नियमितपणे मनगट जोराने आवळल्याची कल्पना केली, त्यांची घट सुमारे २४ टक्के होती. हाड मोडून हात गळ्यात अडकवलेल्या माणसाच्या दुर्बलतेतील बराच वाटा स्नायूचा नसून मेंदूचा असतो, हे यातून पुढे आले.

कौशल्य शिकताना

आल्वारो पास्क्वाल-लिओने यांचा १९९५ मधील पियानोचा प्रयोग या क्षेत्रात अभिजात मानला जातो. पियानो न येणाऱ्या व्यक्तींना एका हाताच्या पाच बोटांचा एक क्रम शिकवला. एका गटाने पाच दिवस रोज दोन तास तो प्रत्यक्ष वाजवला. दुसरा गट तितकाच वेळ पियानोसमोर बसून, बोटे न हलवता, तो वाजवल्याची कल्पना करत राहिला. रोज चुंबकीय स्पंदांनी मेंदूतील बोटांच्या क्षेत्राचा नकाशा काढला जाई. पाचव्या दिवशी दोन्ही गटांत तो नकाशा सारख्याच प्रमाणात विस्तारला होता. वादनात मात्र फरक राहिला. पाच दिवस मनात वाजवणाऱ्यांची अचूकता प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतकी होती. त्यानंतर त्यांना दोन तास प्रत्यक्ष वाजवू दिले, तेव्हा त्यांनी ती पिछाडी भरून काढली. मानसिक सराव प्रत्यक्ष सरावाची जमीन नांगरून ठेवतो, असे म्हणता येईल. पीक मात्र हात लावल्याशिवाय येत नाही.

डेबोरा फेल्ट्झ व डॅनियल लँडर्स यांनी १९८३ मध्ये आणि जेम्स ड्रिस्केल, कॅरोलिन कॉपर व एडन मोरन यांनी १९९४ मध्ये तोवरच्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. मानसिक सराव काहीच न करण्यापेक्षा निश्चित चांगला, प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी, हा दोन्हींतून निघणारा निष्कर्ष होय. ज्या कृतीत क्रम, निर्णय, आखणी असा बौद्धिक भाग जास्त, तेथे लाभ जास्त; जेथे निव्वळ ताकद किंवा तोल हवा, तेथे कमी. अगदी नवख्या माणसाला शारीरिक कृतीची कल्पना नीट जमत नाही, कारण ज्या हालचालीचा अनुभवच नाही तिची आतून जाणीव कोठून आणणार? ज्याने कधी पोहून पाहिलेले नाही, तो पोहण्याचे चित्र पाहू शकतो, पाण्याचा भार त्याला जाणवत नाही.

खेळाडूंमध्ये ही पद्धत रूढ आहे. गोल्फपटू जॅक निकलस यांनी १९७४ मधील आपल्या पुस्तकात, चेंडूचा मार्ग व आपला फटका मनात पाहिल्याशिवाय आपण सरावातही फटका मारत नाही, असे सांगितले आहे. जलतरणपटू मायकेल फेल्प्स रोज संपूर्ण शर्यत मनात पोहत असे. तीही केवळ बिनचूक शर्यत नव्हे, तर काही बिघडले तर काय करायचे याच्यासह. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत त्याच्या चष्म्यात पाणी शिरून त्याला दिसेनासे झाले. हाताचे फटके मोजत त्याने शर्यत पूर्ण केली आणि विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. अर्थात एका अद्वितीय खेळाडूच्या उदाहरणावरून पद्धतीचे मोजमाप होत नाही. त्यासाठी वरील एकत्रित विश्लेषणेच पाहावी लागतात.

२००१ मध्ये पॉल होम्स व डेव्हिड कॉलिन्स यांनी क्रीडाक्षेत्रासाठी एक आराखडा सुचवला. त्याचा गाभा असा, की कल्पना प्रत्यक्ष कृतीच्या शक्य तितकी जवळ असावी. फलंदाजाने पलंगावर आडवे पडून नव्हे, तर पॅड बांधून, बॅट हातात घेऊन, उभे राहून आणि खऱ्या वेगाने कल्पना करावी. शिथिल होऊन डोळे मिटण्याचा जुना सल्ला या आराखड्याने बाजूला ठेवला. आपल्याकडील तबला व कथक यांच्या शिक्षणात बोल तोंडाने म्हणण्याची, म्हणजे पढंत करण्याची, रीत आहे. ती काटेकोर अर्थाने कारक प्रतिमा नव्हे, कारण तिच्यात वाणी आणि हाताची टाळी प्रत्यक्ष चालू असते; तरी हाता-पायांनी करायची गोष्ट आधी लयीसह मनात पक्की करण्याचे तत्त्व तिच्यातही आहे.

उपचारातील उपयोग

पक्षाघाताने हात लुळा पडलेल्या रुग्णाला व्यायाम करता येत नाही आणि व्यायामाशिवाय हात सुधारत नाही. या कोंडीतून वाट काढण्यासाठी कल्पनेचा आधार घ्यावा, हा विचार स्वाभाविक होता. स्टीफन पेज व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पक्षाघात होऊन बराच काळ लोटलेल्या ३२ रुग्णांवर केलेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचाराला मानसिक सरावाची जोड मिळालेल्यांच्या हातात अधिक सुधारणा दिसली. याउलट २०११ मध्ये मॅग्डालेना इएट्सवार्ट व सहकाऱ्यांनी १२१ रुग्णांवर केलेल्या मोठ्या चाचणीत मानसिक सरावाचा वेगळा लाभ आढळला नाही. २०२० च्या कॉक्रेन समीक्षेने उपलब्ध चाचण्या एकत्र पाहून असा निर्वाळा दिला की इतर उपचारांच्या जोडीने केलेला मानसिक सराव हाताच्या सुधारणेत बहुधा उपयोगी पडतो. येथे 'जोडीने' हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्यक्ष उपचाराला पर्याय म्हणून त्याची शिफारस केलेली नाही, आणि फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाशिवाय केलेल्या कल्पनेत रुग्ण नेमके काय करतो हे कोणालाच कळत नाही.

वेदनांच्या उपचारात चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. लोरिमर मोझली यांनी २००४ मध्ये तीन टप्प्यांची पद्धत मांडली. प्रथम चित्रातील हात डावा की उजवा हे ओळखायचे, मग हालचालींची कल्पना करायची आणि शेवटी आरशाचा उपयोग करायचा. आरशातील निरोगी हाताचे प्रतिबिंब दुखऱ्या हाताच्या जागी दिसावे, ही युक्ती व्ही. एस. रामचंद्रन यांनी तुटलेल्या अवयवाच्या भासमान वेदनांसाठी वापरली होती. मोझली व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेही नोंदवले की दीर्घकाळ हात दुखणाऱ्या काही रुग्णांत हालचालीच्या नुसत्या कल्पनेने वेदना आणि सूजही वाढते. कल्पना निरुपद्रवीच असते, असे गृहीत धरता येत नाही.

प्रचलित गैरसमज

'मेंदूला खरे आणि कल्पित यांतला फरक कळत नाही' हे वाक्य प्रेरणादायी व्याख्यानांत व पुस्तकांत हमखास आढळते. वरील प्रयोगांतून ते निघत नाही. मेंदूला फरक कळतो, म्हणूनच कल्पना करणारा माणूस खुर्चीवर बसून राहतो. सामाईक क्षेत्रे असणे म्हणजे समान क्रिया असणे नव्हे. तसेच यशाचे चित्र पाहणे, पदक गळ्यात पडल्याची किंवा परीक्षेत पहिला क्रमांक आल्याची कल्पना करणे, याला कारक प्रतिमा म्हणत नाहीत. त्यात कोणत्याही हालचालीची उजळणी होत नाही. चुकीच्या पद्धतीने केलेली कल्पना चुकीची पद्धतच पक्की करू शकते. कल्पना श्रमरहितही नसते. ती दीर्घकाळ चालू ठेवली तर मन थकते आणि तिची अचूकता घटते.

मेंदू आणि यंत्र

हात हलवण्याच्या कल्पनेने विद्युत् आलेखातील लय क्षीण होते, या निरीक्षणातून ऑस्ट्रियातील ग्राझ येथे गेर्ट फुर्टशेलर व सहकाऱ्यांनी एक उपयोजन उभारले. डाव्या व उजव्या हाताच्या कल्पनेत लय कोणत्या बाजूला क्षीण होते हे संगणकाने ओळखायचे आणि त्यावरून पडद्यावरील खूण डावीकडे किंवा उजवीकडे न्यायची. २००३ मध्ये त्यांनी मानेखाली लुळ्या पडलेल्या एका माणसाला याच मार्गाने पेला धरता येईल अशी व्यवस्था केली. हाताच्या स्नायूंना विद्युत् उद्दीपन देणारे यंत्र सुरू करण्यासाठी तो पाय हलवण्याची कल्पना करीत असे, कारण त्याच्या मेंदूतून मिळणारा सर्वांत स्पष्ट संकेत पायाचा होता.

अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका लुळ्या पडलेल्या व्यक्तीच्या कारक क्षेत्रात ९६ विद्युदग्रांची चकती बसवण्यात आली होती आणि तिने हात हलवण्याच्या विचाराने संगणकाचा कर्सर हलवला. २०२१ मध्ये अशाच पद्धतीने एका ६५ वर्षांच्या माणसाने, हाताने अक्षरे लिहिण्याचा मनोमन प्रयत्न करून, मिनिटाला ९० अक्षरे पडद्यावर उमटवली. या प्रयोगांत रुग्ण हालचालीची नुसती कल्पना करत नाही, तर ती करण्याचा प्रयत्न करतो. शरीर आज्ञा पाळत नाही एवढेच. कल्पना आणि निष्फळ प्रयत्न यांतील हा भेद सूक्ष्म असला, तरी प्रयत्नाच्या वेळी प्राथमिक कारक क्षेत्रातील संकेत अधिक प्रबळ असतो.

या विषयातील बहुधा सर्वांत विलक्षण निष्कर्ष ॲड्रियन ओवेन व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. रस्त्यावरील अपघातानंतर २३ वर्षांची एक तरुणी काही महिने निश्चेतन अवस्थेत होती. डोळे उघडे असत, पण कोणत्याही हाकेला प्रतिसाद नसे. तिला एमआरआय यंत्रात ठेवून टेनिस खेळत असल्याची कल्पना करण्यास सांगितले, तेव्हा तिचे पूरक कारक क्षेत्र निरोगी व्यक्तींप्रमाणेच सक्रिय झाले. स्वतःच्या घरातून फिरण्याची कल्पना करण्यास सांगितले, तेव्हा वेगळी क्षेत्रे सक्रिय झाली. २०१० मध्ये याच पद्धतीने केंब्रिज व लिएज येथील चेतनेचे विकार असलेल्या ५४ रुग्णांची तपासणी झाली. त्यांपैकी पाच जणांना आपल्या मेंदूतील क्रिया सूचनेप्रमाणे बदलता आली. त्यांतील एकाला 'होय' म्हणायचे असेल तर टेनिसची आणि 'नाही' म्हणायचे असेल तर घरातील फिरण्याची कल्पना करण्यास सांगितले होते. खाटेवर निश्चल पडलेल्या त्या माणसाने वडिलांच्या नावासारख्या सहा प्रश्नांपैकी पाचांची उत्तरे बरोबर दिली.